‘एक्स्पर्ट’वर टिकायचंय? नेम नंतर, आधी चौघं एकत्र राहा

परीक्षा संपल्या, ईदची सुट्टी लागली, की घरातली मोठी पोरं हेडफोन लावून बसतात आणि मधूनच ‘अरे मागे बघ’, ‘मला उचल’ असे आवाज येतात. अम्मी-अब्बूंना वाटतं भांडण चाललंय. प्रत्यक्षात चार जण मिळून झॉम्बींच्या गर्दीतून वाट काढत असतात. या प्रकारच्या गेममध्ये सगळ्यात अवघड लेव्हलवर टिकायचं कसं, हे आज आम्ही सांगणार आहोत. पोरांना त्याचा उपयोग होईल आणि घरच्यांनाही कळेल की त्या खोलीत नेमकं काय चाललंय.

उदाहरण म्हणून ‘लेफ्ट ४ डेड २’ हा गेम घेऊ. व्हॉल्व्ह कंपनीने तो नोव्हेंबर २००९ मध्ये आणला. जुना असल्यामुळे साध्या कॉम्प्युटरवरही चालतो. २०२० मध्ये खेळाडूंनीच बनवलेला मोठा नवा भाग कंपनीने त्यात घातला, त्यामुळे आजही चौघं जमवायला अडचण येत नाही. कोच, निक, रोशेल आणि एलिस अशी चार पात्रं आहेत. अमेरिकेतल्या सवाना शहरापासून न्यू ऑर्लिन्सपर्यंत त्यांना जिवंत पोहोचायचं आहे.

आधी वयाचं बोलू

हा गेम लहान मुलांचा नाही. युरोपात त्यावर १८ वर्षांवरील असा शिक्का आहे आणि अमेरिकेत १७ वर्षांवरील. ऑस्ट्रेलियाने तर २००९ मध्ये मूळ स्वरूपात विक्रीला परवानगी नाकारली होती, तिथे काटछाट केलेला गेम विकावा लागला. रक्त, हातपाय तुटणं, किंकाळ्या हे सगळं त्यात आहे. म्हणून हा लेख मोठ्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी आहे. दहा वर्षांचा धाकटा भाऊ खुर्चीमागे उभा राहून बघत असेल तर तोही ते सगळं पाहतोच आहे, हे थोरल्यांनी लक्षात ठेवावं. असे गेम खेळावेत की नाही, हा मसला आपापल्या आलिमांना विचारावा, तो आमचा प्रांत नाही.

एक्स्पर्टवर नेमकं काय बदलतं?

गेममध्ये चार पातळ्या आहेत: इझी, नॉर्मल, अ‍ॅडव्हान्स्ड आणि एक्स्पर्ट. प्रत्येक खेळाडूची हेल्थ १०० असते. साध्या झॉम्बीचा एक फटका इझीवर १, नॉर्मलवर २, अ‍ॅडव्हान्स्डवर ५ आणि एक्स्पर्टवर २० हेल्थ घेतो. म्हणजे नॉर्मलवर ५० फटके खाऊन माणूस पडतो, एक्स्पर्टवर फक्त ५. दोन झॉम्बी अंगावर आले की हे पाच फटके बसायला काही सेकंदच लागतात.

दुसरा बदल याहून मोठा आहे. आपली गोळी आपल्याच साथीदाराला लागली तर इझीवर काही होत नाही. नॉर्मलवर गोळीच्या ताकदीच्या १० टक्के इजा होते, अ‍ॅडव्हान्स्डवर ३० टक्के आणि एक्स्पर्टवर तब्बल ५० टक्के. जवळून शॉटगन लागली तर धडधाकट माणूस जमिनीवर येतो.

टँक नावाच्या राक्षसाची हेल्थ नॉर्मलवर ४००० असते, एक्स्पर्टवर ८०००. त्याचा एकच ठोसा माणसाला पाडतो. विच नावाची रडणारी बाई जो डिवचेल त्याला एका फटक्यात ठारच करते.

हे आकडे नीट पाहिले तर एक गोष्ट कळते. नेम सुधारल्याने टँकची ताकद कमी होत नाही आणि झॉम्बीचा फटकाही हलका होत नाही. हातात राहतं ते एवढंच, की चौघं कसे उभे राहतात, कसे चालतात आणि एकमेकांशी कसे बोलतात. चांगला नेम असलेले चार जण सुटे सुटे खेळले तर पहिल्याच भागात संपतात. साधाच नेम असलेले चार जण सांभाळून खेळले तर पार होतात.

१. मशवरा सेफ रूममध्ये, बाहेर एकच आवाज

सफरला निघताना एकाला अमीर करायचं, ही आपल्याकडची जुनी सवय आहे. इथेही तेच करा. कुठल्या बाजूने जायचं, कुठे थांबायचं, बॉम्ब कधी टाकायचा, हे सेफ रूमचं दार उघडण्याआधी ठरवा. तिथे प्रत्येकाने आपलं मत सांगावं. दार उघडल्यावर मात्र एकाने सांगायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. चार जण चार सूचना द्यायला लागले की नेमकी कामाची सूचना कुणालाच ऐकू येत नाही.

अमीर सगळ्यात जास्त झॉम्बी मारणाराच असावा असं नाही. ज्याचं डोकं थंड राहतं आणि ज्याला नकाशा पाठ आहे, तो बरा. आज थोरला, उद्या धाकटा, असं आळीपाळीने केलं तर घरातल्या घरात रुसवेही होत नाहीत.

२. एकट्याने पुढे जाऊ नका, मागेही राहू नका

गेममध्ये चार खास झॉम्बी असे आहेत की त्यांनी पकडलं की माणूस स्वतः सुटूच शकत नाही. हंटर झडप घालून छातीवर बसतो. स्मोकर लांबून जिभेने ओढतो. जॉकी मानगुटीवर बसून भलतीकडे नेतो. चार्जर उचलून नेतो आणि जमिनीवर आपटत राहतो. हंटर, स्मोकर आणि जॉकीच्या तावडीतून साथीदार नुसता धक्का देऊनही सोडवू शकतो. चार्जरला मात्र मारावंच लागतं आणि त्याची हेल्थ ६०० असते, हंटरची २५०.

याचा अर्थ सरळ आहे. खोलीत कुठे बंदूक सापडते का बघायला एकटा गेलेला माणूस पकडला गेला आणि बाकी तिघं दोन खोल्या पुढे असतील, तर तो गेलाच. त्याला वाचवायला एकेक जण धावला की एकेक जण पडतो. बहुतेक टीम अशाच संपतात.

म्हणून जोड्या करा. दोघं पुढे, दोघं मागे आणि मागच्यांना पुढचे कायम दिसले पाहिजेत. शेवटच्या माणसाने दर काही पावलांवर वळून पाहायचं. कोपरा वळताना पुढच्याने क्षणभर थांबायचं. गोळ्या घ्यायच्या असतील तर चौघांनी मिळून जायचं.

पण याचा अर्थ एका जागी बसून राहायचं असाही नाही. झॉम्बी कधी आणि किती पाठवायचे हे ठरवणारी यंत्रणा गेममध्ये आहे, तिला डायरेक्टर म्हणतात. तुम्ही रेंगाळलात तर ती नवी गर्दी पाठवतेच. चाल हळू नको आणि धावती नको. चौघांत जो सगळ्यात सावकाश आहे, त्याच्या चालीने चला. हेल्थ ४० च्या खाली गेली की माणूस लंगडायला लागतो, तेव्हा तर हे पाळायलाच हवं.

३. आपल्याच माणसाला गोळी लागू देऊ नका

एक्स्पर्टवर मेडकिट सगळ्यात जास्त खर्च होतात ते आपापसातल्या गोळ्यांमुळे. यावर तीन साधे उपाय आहेत.

पहिला, दारात किंवा बोळात पुढचे दोघं खाली बसून मारतील आणि मागचे दोघं उभे राहून त्यांच्या डोक्यावरून. पुढच्याने अचानक उभं राहायचं नाही.

दुसरा, कुणाच्या बंदुकीसमोरून आडवं जायचं नाही. जायचंच असेल तर ‘येतोय’ म्हणून सांगा आणि समोरच्याने बंदूक थांबवल्यावर जा.

तिसरा, साथीदाराच्या अंगावर झॉम्बी चढले असतील तर गोळी न मारता माऊसचं उजवं बटण दाबून धक्का द्या. धक्क्याने साथीदाराला इजा होत नाही आणि झॉम्बी मागे हटतात. मात्र सारखं ढकलत राहिलं तर हात दमतात आणि धक्के मंद होतात, म्हणून ढकला, मारा, पुन्हा ढकला, असं करा. बोळात पुढे राहणाऱ्याने कुऱ्हाड, कटाना किंवा आपली क्रिकेटची बॅट घ्यावी. हो, गेममध्ये खरोखर क्रिकेट बॅट आहे. तिला रिलोड लागत नाही.

आणि एवढं करूनही गोळी लागणारच. ज्याने मारली त्याने ‘माफ कर’ म्हणावं आणि ज्याला लागली त्याने ‘चल पुढे’. झॉम्बी समोर असताना हिशेब काढायचा नाही. या गेमवरून भाऊ-भाऊ, दोस्त-दोस्त बोलेनासे होतात, ते हरल्यामुळे क्वचितच. ‘तू मुद्दाम मारलंस’ या एका वाक्यामुळे होतात. बदल्यात मुद्दाम परत गोळी मारणारा तर स्वतःचीच टीम मारतो.

४. डोळ्यांआधी कानांनी खेळा

प्रत्येक खास झॉम्बीचा आवाज वेगळा आहे. स्मोकर खोकतो. हंटर गुरगुरतो आणि झेप घेताना किंचाळतो. जॉकी वेड्यासारखा हसतो. बूमरच्या पोटातून गुडगुड येते. विच रडते. गर्दी येण्याआधी लांबून आरोळी ऐकू येते. टँक येताना संगीत बदलतं आणि तो जवळ आला की पडदा हादरतो.

जो आवाज ऐकेल त्याने लगेच नाव घ्यायचं. ‘स्मोकर, डावीकडे, गच्चीवर’ एवढं पुरे. ‘अरे तो बघ तो बघ’ याचा काही उपयोग नाही. रिलोड करताना ‘रिलोड’ म्हणा, म्हणजे जोडीदार तेवढा वेळ तुमची बाजू धरेल. बाकी गप्पा सेफ रूममध्ये.

बूमर दिसला तर लांबूनच मारा. तो जवळ फुटला की अंगावर घाण उडते, समोरचं नीट दिसत नाही आणि गर्दी तुमच्याकडेच धावते. रस्त्यात दिवे लुकलुकणारी गाडी दिसली तर तिच्या दिशेने एकही गोळी जाऊ देऊ नका. अलार्म वाजला की गर्दी आलीच.

५. मेडकिटचा हिशेब सगळ्यांचा मिळून ठेवा

मेडकिट गेलेल्या हेल्थपैकी ८० टक्के परत देतं. ७० हेल्थ असताना वापरलं तर २४ मिळतात, २० असताना वापरलं तर ६४. म्हणून थोडं लागलं की पट्टी बांधायची घाई करू नका.

गोळ्यांच्या डबीतून ५० हेल्थ मिळते, पण ती तात्पुरती असते आणि हळूहळू उतरते. लढाई सुरू होण्याआधी घ्या, संपल्यावर नको. पडलेल्या माणसाला उचलायला ५ सेकंद लागतात आणि तो ३० तात्पुरत्या हेल्थवर उठतो. दोनदा पडून उठलेला माणूस तिसऱ्यांदा पडला तर थेट मरतो. अशा वेळी त्याचा पडदा काळा-पांढरा होतो. मेडकिट वापरलं की ही मोजणी पुन्हा शून्यावर येते.

म्हणून मेडकिटवर पहिला हक्क काळ्या-पांढऱ्या पडद्यावाल्याचा. त्याचं स्वतःचं संपलं असेल तर दुसऱ्याने आपलं त्याला लावावं. ‘माझं आहे, मी जपून ठेवलंय’ म्हणणारा चौथा माणूस शेवटी एकटा उरतो, आणि एकट्याचं काय होतं ते वर सांगितलंच आहे. उचलायला एकाने बसायचं, दोघांनी त्याला राखायचं. पडलेल्यानेही गप्प पडून राहू नये. त्याच्या हातात पिस्तूल असतं आणि पिस्तुलाच्या गोळ्या संपत नाहीत.

६. गर्दी आली की पाठीला भिंत

आरोळी ऐकू आली की मोकळ्यात उभं राहू नका. जवळचा कोपरा किंवा एकच दार असलेली खोली गाठा, म्हणजे झॉम्बी एकाच बाजूने येतील. पाइप बॉम्ब टाकला की सगळे त्याच्या आवाजामागे धावतात आणि सोबत उडतात, पण चौघांनी एकदम टाकले तर चारही वाया. कुणी टाकायचा हे आधीच ठरलेलं असावं. स्पिटरने हिरवं तेजाब थुंकलं तर मात्र कोपरा लगेच सोडा. त्यात उभं राहण्यापेक्षा मोकळ्यात आलेलं बरं.

चौथा माणूस मिळाला नाही तर गेम त्याच्या जागी बॉट देतो. बॉटचा नेम बरा असतो, पण तो बॉम्ब टाकत नाही. टाकायच्या सगळ्या वस्तू माणसांनीच घ्याव्यात.

७. टँक आणि विच

टँक आला की पुढे पळू नका. पुढच्या वाटेवर अजून झॉम्बी असतात. आपण साफ करून आलो त्या वाटेने मागे या. शक्य असेल तर एकाने पेटती बाटली टाकावी. पेटलेला टँक दीड मिनिटाच्या आत आगीनेच मरतो. तोवर ज्याच्या मागे तो लागलाय त्याने पळत राहायचं आणि बाकी तिघांनी गोळ्या घालायच्या. धडधाकट माणूस टँकपेक्षा जरासा जास्त पळतो, लंगडणारा मात्र सापडतो. मोटारी आणि ओंडक्यांपासून दूर राहा. टँक ते ठोसा मारून अंगावर फेकतो.

विच दिसली, की टॉर्च बंद करा, बंदूक खाली करा आणि लांबून निघून जा. जवळून शॉटगनने एका झटक्यात मारणारे खेळाडू आहेत, पण एक्स्पर्टवर तो डाव फसला की एक माणूस गेलाच. शौर्य दाखवण्याची ही जागा नाही.

‘हार्ड रेन’ या मोहिमेत याची खरी परीक्षा होते. साखर कारखाना, त्यात ठिकठिकाणी बसलेल्या विच आणि बाजूला माणसापेक्षा उंच ऊस. उसाच्या फडात समोरचा साथीदारही दिसत नाही, हे आपल्याकडच्या पोरांना वेगळं सांगायला नको. इंधन घेऊन त्याच वाटेने परत यायचं असतं, तेव्हा वादळात दोन हातांवरचं दिसत नाही. अशा वेळी दर थोड्या वेळाने एकमेकांना हाक द्या. वादळ वाढलं की आडोशाला थांबा, ओसरलं की निघा.

८. शेवटच्या गाडीत कोण?

शेवटच्या भागात सुटकेचं वाहन येतं. जे आत चढले ते वाचले, बाहेर राहिला तो गेला. दहा पावलांवर एक जण पडलाय, टँक येतोय, उचलायला ५ सेकंद लागणार. काय करायचं? गेम याचं उत्तर देत नाही. आमचं म्हणणं एवढंच, की हे आधी ठरवून ठेवा. कुणी किती लांबपर्यंत परत जायचं आणि अमीराने ‘निघा’ म्हटल्यावर थांबायचं नाही, हे ठरलेलं असेल तर मागे राहिलेल्यालाही वाईट वाटत नाही. बहुतेक वेळा तोच ओरडून सांगतो, ‘तुम्ही निघा’.

सुरुवात कुठून करावी? आमच्या मते ‘नो मर्सी’ ही मोहीम बरी. तिचा शेवट हॉस्पिटलच्या गच्चीवर आहे, एका जागी टिकून हेलिकॉप्टरची वाट बघायची असते. ‘डेड सेंटर’चा शेवट उलट आहे. मॉलभर पसरलेले पेट्रोलचे १३ कॅन गोळा करताना टीम आपोआप फुटते, म्हणून ती नंतर. आणि अ‍ॅडव्हान्स्डवर एक पूर्ण मोहीम चौघांपैकी कुणीही न मरता पार झाली, की मगच एक्स्पर्टला हात घाला. एक्स्पर्टही सोपं वाटायला लागलं, तर सोबत ‘रिअ‍ॅलिझम’ लावा. त्यात साथीदारांच्या अंगाभोवतीची रंगीत रेषा दिसेनाशी होते, मग आवाजावरच सगळी भिस्त.

वेळेचं बंधन घरानेच ठरवावं

एक्स्पर्टवर एकच भाग पाच-पाचदा खेळावा लागतो. ‘आता झालंच’ म्हणत म्हणत रात्रीचे दोन वाजतात आणि फजर जाते. त्यावर गेममध्येच सोय आहे. दोस्तांची लॉबी करताना मोहिमेचा कुठलाही भाग निवडता येतो. जमवलेली शस्त्रं जातात, पण आज तिसऱ्या सेफ रूमपर्यंत पोहोचलात तर उद्या तिथूनच पुढे सुरू करता येतं. त्यामुळे ‘मध्येच कसं सोडू’ हे कारण फार तर एका भागापुरतं खरं. घरच्यांनीही ‘आत्ताच्या आत्ता बंद कर’ असं म्हणण्यापेक्षा ‘पुढच्या सेफ रूमला थांब’ म्हणावं. भाषा कळली की पोरंही ऐकतात.

कोकणातल्या आणि मुंबईतल्या आपल्या कितीतरी घरांतला एक भाऊ आखातात असतो. इथे रात्रीचे १० वाजतात तेव्हा दुबईत ८:३० आणि कुवेत, कतार, सौदीत ७:३०. इथे इशा होऊन गेलेली असते, तिथे कधी व्हायची असते. म्हणून वेळ ठरवताना दोन्हीकडची नमाज बघा आणि रमजानमध्ये तरावीह, सेहरीचं गणित सांभाळून हे बाजूलाच ठेवलेलं बरं. अनोळखी लोकांसोबत खेळताना शिवीगाळ कानावर पडते. अशा माणसाचा आवाज बंद करता येतो, पण ओळखीचे चौघं असले तर ती वेळच येत नाही. स्टीमवर कुटुंबाचा गट करून मुलांच्या खेळण्याच्या वेळा पालकांना ठरवता येतात, तेही एकदा बघून ठेवा.

‘बॅक ४ ब्लड’, ‘वर्ल्ड वॉर झेड’, ‘किलिंग फ्लोअर २’ असे याच जातीचे इतर गेम आहेत. त्यांत आकडे वेगळे, राक्षसांची नावं वेगळी. पण सुटा पडलेला माणूस आधी जातो, हे तिथेही खरं आहे. आज रात्री बसणार असाल तर सगळे नियम एकदम पाळायला जाऊ नका. एकच धरा: पुढच्या माणसाने दर कोपऱ्यावर थांबायचं आणि चौघं मोजायचे. चार भरले की पुढे.